उजनीचे पाणी, वाढते ऊन आणि घरगुती पाणी तपासणी संच : तेरा महिन्यांच्या वापरानंतर

२०२४च्या मे महिन्यात मी एक घरगुती पाणी तपासणी संच विकत घेतला आणि पुढचे तेरा महिने तो दर रविवारी सकाळी नियमाने वापरला. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. बाजारात या प्रकारचे जे संच मिळतात त्यांतली द्रावणे जवळपास तीच असतात. फरक असतो तो पेटीचा, चाचण्यांच्या संख्येचा आणि माहितीपुस्तिकेचा. त्यामुळे मी जे गुणदोष सांगणार आहे ते एखाद्या कंपनीपेक्षा या प्रकारच्या वस्तूचे आहेत, आणि संच कोणताही घेतला तरी ते उपयोगी पडावेत.

मी भीमा खोऱ्यातल्या अशा एका गावात राहतो जिथे नळाला उजनी धरणाचे पाणी येते. त्या मे महिन्यात आमच्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी ‘मायनस’ हा एकच शब्द होता. उजनीची, म्हणजे यशवंतसागराची, एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, त्यात ६३.६६ टीएमसी मृत साठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आहे. उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातले पाणी उचलावे लागले की धरण उणे झाले असे म्हणतात. २०२३च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरले नव्हते आणि २०२४च्या जूनच्या आरंभी ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास जाऊन ठेपले. हिशेब मांडला तर धरणात तेव्हा एकतीस-बत्तीस टीएमसी पाणी उरले होते, म्हणजे भरलेल्या धरणाच्या पाव हिश्श्याहून किंचित अधिक. पाणी एवढे खाली गेले की पळसदेवचे एरवी बुडालेले मंदिर उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. धरणात पाणी किती उरले याचा आकडा रोज वर्तमानपत्रात छापून येतो, पण उरलेले पाणी कसे आहे हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. मला ते जाणून घ्यायचे होते, एवढ्यासाठीच हा खर्च केला.

संचाकडून काय अपेक्षा ठेवावी हे ठरवण्याआधी धरणाच्या पाण्याचे दुखणे नेमके काय आहे हे सांगणे भाग आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्यातून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्याबरोबर येणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस हे शेवाळाचे खत आहे, आणि उन्हाळ्यात फुगवट्याच्या काठाला जो हिरवा थर दिसतो त्याचे मूळ तिथे आहे. वातावरण तापले नसते तरी हा प्रश्न असताच. मुद्दल सांडपाण्याचे आहे आणि उष्णता त्यावर व्याज चढवते आहे, असे मी समजतो. धरणाच्या उघड्या पडलेल्या तळावर गाळपेर होते, तिथे खते पडतात आणि पुढच्या पावसात ती जमीन पुन्हा पाण्याखाली जाते. म्हणजे दुष्काळी वर्ष स्वतःपुरते संपत नाही, ते पुढच्या वर्षाच्या पाण्यासाठी काहीतरी मागे ठेवून जाते.

उष्णता हे व्याज कसे चढवते हे समजायला एक साधी गोष्ट पुरेशी आहे. वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. त्यात खोल जलाशयाचे वरचे पाणी तापून हलके झाले की ते खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहते आणि दोन्ही थर मिसळेनासे होतात. तळाचे पाणी हवेपासून तुटते, गाळातले जिवाणू तिथला उरलासुरला प्राणवायू संपवतात, आणि मग गाळात बांधलेले लोह, मँगनीज व फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरू लागतात. उन्हाळा जितका लांबेल तितका हा काळही लांबेल. जगभरातल्या २३५ तलावांचा जो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात १९८५ ते २००९ या काळात तलावांच्या पृष्ठभागाचे पाणी दर दशकाला सरासरी ०.३४ अंशाने तापल्याचे आढळले होते. आकडा लहान वाटतो, पण शेवाळ सरासरीवर जगत नाही. त्याला तीस अंशांचे चार शांत, वारा नसलेले आठवडे मिळाले की पुरे होते.

आता संचाकडे येतो. पेटीत पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा), गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, अल्कता, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि अवशिष्ट (पाण्यात शिल्लक उरलेला) क्लोरीन यांच्या चाचण्यांची द्रावणे, काचेच्या नळ्या, रंग जुळवायचे तक्ते आणि जिवाणू तपासणीच्या दहा कुप्या होत्या. किंमत अडीच हजारांच्या आत होती. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती आणि सोबतचे मराठी पान इतके घाईने केलेले होते की ‘नमुना घेण्यापूर्वी नळी त्याच पाण्याने तीनदा विसळा’ ही सर्वांत महत्त्वाची सूचना त्यात सापडलीच नाही. ती मला वहिनीने सांगितली. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना अशा संचाचे प्रशिक्षण देतात, त्यांपैकी ती एक आहे. तिसऱ्या रविवारी माझी रीत पाहून ती म्हणाली, ‘‘भाऊजी, कालच्या थेंबांवर आजचं पाणी तपासताय. आधी नळी विसळा, आणि तक्ता उन्हात धरू नका, सावलीत पांढऱ्या कागदापुढं धरा.’’ माझे पहिले तीन आठवड्यांचे आकडे मी त्याच दिवशी वहीतून खोडले. संच घेणाऱ्या प्रत्येकाने आधी गावातल्या अशा एखाद्या प्रशिक्षित बाईकडे तासभर बसावे. पुस्तिकेच्या चाळीस पानांत मिळणार नाही ते तिथे मिळते.

सर्वांत उपयोगी ठरली ती अवशिष्ट क्लोरीनची चाचणी. आमच्या ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यानंतर जलसुरक्षक जी ओटी चाचणी करतात, तिच्यात पाणी पिवळे होते. माझ्या संचात डीपीडी हे दुसरे रसायन आहे, ज्यात ते गुलाबी होते. ओटीतले ऑर्थोटोलिडिन हे रसायन आरोग्याला घातक मानले जाते, म्हणून घरात मुले असतील तर डीपीडीचाच संच घ्यावा. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० नुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असायला हवा. तक्त्यावर ०.२ आणि ०.५ या दोन छटांमधला फरक साध्या डोळ्याला नीट कळतो, आणि घरात निर्णय घेण्यासाठी तेवढे पुरते.

या चाचणीने मला जे शिकवले ते माझ्याच गच्चीवरचे होते. आमच्याकडे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे प्रत्येक घराच्या डोक्यावर एक टाकी आहे. आमची काळ्या प्लॅस्टिकची होती. पाणी आले त्या दिवशी नळाच्या पाण्याला स्वच्छ गुलाबी रंग आला. त्याच पाण्याचा टाकीतून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घेतलेला नमुना पांढराच राहिला. मी माशांच्या टाकीसाठी मिळणारा साधा तापमापक आणून पाण्यात सोडला, तेव्हा पारा अडतीस अंशांवर होता. क्लोरीन ऊन पाण्यात भराभर खर्च होतो हे मी वाचले होते, पण स्वतःच्या घरातले पिण्याचे पाणी चोवीस-तीस तासांत विनासंरक्षण होते हे डोळ्यांनी पाहणे वेगळे. जूनमध्ये त्या टाकीच्या चौथ्या दिवसाच्या पाण्याची जिवाणू तपासणीची कुपी काळी पडली. दोष सर्वस्वी माझा होता. टाकी दोन वर्षे आतून घासलेली नव्हती. ती धुतली, वर पत्र्याची सावली केली, बाहेरून पांढरा रंग दिला आणि पिण्यापुरते पाणी पहिल्याच दिवशी माठात व पिंपात झाकून ठेवू लागलो. पुढच्या मे महिन्यात त्याच वेळी टाकीतले पाणी बत्तीस-तेहतीस अंशांच्या वर गेले नाही आणि दुसऱ्या दिवशीही फिका गुलाबी रंग उठला. संचाची पूर्ण किंमत मला या एका गोष्टीत वसूल झाली असे मी मानतो.

याच चाचणीत एक खोट आहे आणि ती पुस्तिकेत सांगितलेली नाही. पाण्यात मँगनीज असेल आणि क्लोरीनने त्याचे ऑक्सिडीकरण झालेले असेल, तर डीपीडी त्यालाही गुलाबी रंग देते. म्हणजे क्लोरीन संपलेला असूनही तो आहे असे दिसते. प्रयोगशाळेत ही चूक वेगळी काढण्याची रीत आहे, घरगुती संचात नाही. वर सांगितल्याप्रमाणे तापलेल्या जलाशयाच्या तळातून मँगनीज सुटण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्या काळात क्लोरीनचा खरा आकडा कळणे सर्वाधिक गरजेचे आहे, नेमक्या त्याच काळात ही चाचणी फसवू शकते. भांड्यांना किंवा नळाच्या तोटीला काळपट-तपकिरी थर दिसू लागला असेल, तर गुलाबी रंगावर विसंबून राहू नये आणि नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्यावा. मँगनीजसाठी मानकाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. संचात मँगनीजची चाचणी नाही, लोहाची मात्र आहे. बोअरच्या पाण्याचा विचार करून ही यादी ठरवलेली असावी असे मला वाटते. फ्लोराइड, कठीणपणा, क्लोराइड, लोह ही सगळी विहिरी-बोअरच्या पाण्याची दुखणी आहेत. धरणाचे पाणी पिणाऱ्याला यांतल्या निम्म्या बाटल्या वर्षात एकदाच उघडाव्या लागतात. क्लोराइडच्या चाचणीतल्या सिल्व्हर नायट्रेटने माझी दोन बोटे आठवडाभर काळी राहिली. हातमोजे पेटीत नव्हते.

पीएचची चाचणी मात्र धरणाच्या पाण्यासाठी अनपेक्षितपणे बोलकी निघाली. एप्रिल २०२५ मध्ये एका नातेवाइकांकडे भिगवणला गेलो असताना मी पेटी सोबत नेली. फुगवट्याच्या काठावर एकाच जागी सकाळी साडेसहाला आणि दुपारी एक वाजता नमुना घेतला. सकाळचा रंग हिरवा होता, तक्त्यावर साडेसातच्या जवळचा. दुपारचा गडद निळसर, नऊच्या जवळचा. सहा-सात तासांत पाण्यात कोणी काही ओतले नव्हते. दिवसा शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि पाणी अल्कधर्मी होत जाते; रात्री तेच शेवाळ श्वसन करते, कार्बन डायऑक्साइड परत सोडते आणि प्राणवायू खाते, म्हणून पहाटे मासे वर येऊन हवा घेताना दिसतात. दोन नळ्या शेजारी ठेवून मी भाच्याला हे दाखवले तेव्हा त्याला एका दिवसात जे कळले ते पुस्तकातून कळले नसते.

हा खेळ नाही. जलशुद्धीकरण केंद्रासाठी ती खरी अडचण आहे. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतो आणि जंतू मारण्याचे बहुतेक काम त्यांतले एकच रूप, हायपोक्लोरस आम्ल, करते. पीएच साडेसात असेल तर साधारण निम्मा क्लोरीन या कामाच्या रूपात असतो. साडेआठला तो जेमतेम दहावा हिस्सा उरतो. शेवाळाने दुपारचा पीएच चढवला की तेवढाच क्लोरीन टाकून तेवढे काम होत नाही. मात्रा वाढवावी तर दुसरा प्रश्न उभा राहतो. शेवाळातून आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेल्या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. ही गोष्ट १९७४ साली नेदरलँडमध्ये प्रथम उजेडात आली. पाणी जितके गरम आणि सेंद्रिय द्रव्य जितके अधिक, तितके हे पदार्थ लवकर तयार होतात. आपल्या मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. तरीही क्लोरीन टाकणे टाळावे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. जंतूंचा धोका आजचा आणि निश्चित आहे. अर्थ एवढाच, की जलाशयात शेवाळ होऊ न देणे हे नंतर औषध वाढवत बसण्यापेक्षा फार स्वस्त आहे. घरगुती संचात ट्रायहॅलोमिथेनची चाचणी असू शकत नाही, त्याला मोठे यंत्र लागते. ती उणीव मी संचाच्या माथी मारत नाही.

वासाबद्दल थोडे अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. पहिल्या पावसाचा जो मृद्गंध आपल्या सर्वांना हवाहवासा वाटतो, त्यातले एक मुख्य द्रव्य जिओस्मिन आहे. ते मातीतले जिवाणू बनवतात आणि तलावातले काही नील-हरित शेवाळही बनवते. एक लिटर पाण्यात त्याचे काही नॅनोग्रॅम असले तरी माणसाच्या नाकाला ते कळते. तेच द्रव्य अंगणात आले तर आपण दीर्घ श्वास घेतो आणि पेल्यात आले तर पेला खाली ठेवतो. क्लोरीनने हा वास जात नाही, सक्रिय कोळशाने जातो. जिओस्मिन स्वतः विषारी नाही, पण ते शेवाळाची वर्दी आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये आमच्या घरातल्या पाण्याला तो मातकट वास दोन आठवडे होता आणि त्या दोन्ही रविवारी संचातल्या सर्व चाचण्या निर्दोष आल्या. या वस्तूची मर्यादा मला सर्वांत स्पष्ट दिसली ती तेव्हा. जे माझ्या आईला पहिल्या घोटात कळले, त्याची पेटीतल्या एकाही बाटलीला खबर नव्हती.

शेवाळाची विषे ही त्याहून गंभीर गोष्ट. मायक्रोसिस्टिस नावाचे नील-हरित शेवाळ पंचवीस अंशांच्या वरच्या पाण्यात जोमाने वाढते. त्याच्या पेशीत वायूच्या पिशव्या असतात, त्यामुळे थर पडलेल्या शांत पाण्यात ते वर येऊन उन्हाची जागा बळकावते. त्याचे मायक्रोसिस्टिन हे विष यकृताला इजा करते आणि त्याच्या सर्वांत परिचित प्रकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभर प्यायच्या पाण्यात लिटरला एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, जे ईरी सरोवराचे पाणी पिते, चार लाखांहून अधिक लोकांना जवळपास तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले, आणि सोबत ते उकळूही नका असेही. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. पाणी आटून ते उलट दाट होते. आपल्याकडे पाण्याबद्दल शंका आली की उकळून प्या हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो, आणि जंतूंसाठी तो शंभर टक्के योग्य आहे. हिरव्या पाण्यासाठी तो अपुरा आहे, हे प्रत्येक आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर लिहिले जावे असे मला मनापासून वाटते. संचात याचीही चाचणी नाही. परदेशात तलावाच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिनच्या पट्ट्या मिळतात. उजनी, जायकवाडी यांसारख्या पसरट, उष्ण प्रदेशातल्या जलाशयांवर एवढी माणसे अवलंबून असताना तशी एखादी पट्टी इथल्या संचांतही असायला हवी, ही माझी उत्पादकांकडे आग्रहाची मागणी आहे.

जिवाणू तपासणीच्या कुपीबद्दल मात्र मला आदर आहे. कुपीत खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास थांबायचे. पाणी काळे झाले तर त्यात विष्ठेतून येणारे जिवाणू असण्याची शक्यता मोठी. हायड्रोजन सल्फाइडवर आधारलेली ही रीत १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी मांडली आणि पुढे ती अनेक देशांत वापरली गेली. वीज नाही, यंत्र नाही, तज्ज्ञ नाही, तरी खेड्यातल्या माणसाला उत्तर मिळते. तिला तीस ते सदतीस अंशांची ऊब लागते, हे लक्षात ठेवावे. जानेवारीत मी ती विरजण लावतो त्या कोपऱ्यात गोधडीत गुंडाळून ठेवत असे. आणखी एक सूचना पुस्तिकेत नाही, ती इथे देतो. प्राणवायू संपलेल्या तळाच्या पाण्यात सल्फाइड आधीच असते, त्यामुळे अशा कच्च्या पाण्याने कुपी काही मिनिटांतच काळी होऊ शकते. तिथे जिवाणूंचा निष्कर्ष काढू नये. खरा निकाल तासांनी येतो, क्षणात नाही.

गढूळपणाची चाचणी निकृष्ट आहे. नळीच्या तळाला काळी फुली असते आणि पाण्यातून ती दिसते की नाही यावर निकाल. पाच एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचे एकक) खालचे काहीच त्यात कळत नाही, आणि मानकाची स्वीकार्य मर्यादा एक एनटीयू आहे. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि त्याच दिवसांत दौंड, इंदापूर, बारामती भागात जोरदार पाऊस झाला. उन्हाने भेगाळलेल्या जमिनीवर एकदम कोसळणारा असा पाऊस माती, खते आणि उघड्यावरची घाण एका दमात जलाशयात आणतो. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या २०१७च्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या मोठ्या भूभागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसले होते. अशा वेळी शुद्धीकरण केंद्रात तुरटीची मात्रा तासातासाला बदलावी लागते. गढूळ कणांच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून वाचतात, म्हणून हा एक आकडा खरे तर सर्वांत नेमका हवा. संचाने मला त्या आठवड्यात ‘पाच ते दहाच्या दरम्यान’ आणि पुढच्या आठवड्यात ‘पाचच्या खाली’ एवढेच सांगितले. स्वच्छ काचेच्या पेल्यात पाणी घेऊन टॉर्चचा झोत आडवा टाकला तर मला याहून अधिक कळत होते.

टिकाऊपणाबद्दल एक तक्रार नोंदवतो. सगळ्या बाटल्यांवर ‘थंड व कोरड्या जागी, तीस अंशांच्या खाली ठेवा’ असे छापले आहे. आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत घरातही ते शक्य नाही. बाहेर पारा चाळीसच्या वर असतो. पहिल्या उन्हाळ्यातच डीपीडीची बाटली तपकिरी झाली आणि शुद्ध पाण्यालाही फिका गुलाबी रंग देऊ लागली. दुसरी बाटली मी फ्रिजमध्ये, खाण्याच्या वस्तूंपासून दूर, बंद डब्यात ठेवली आणि ती नीट टिकली. विक्रेत्याने बदली बाटली दिली, पण तिला पाच आठवडे लागले आणि तेही पावसाळा तोंडावर असताना. ज्या वस्तूचा खरा उपयोग उष्ण प्रदेशातल्या उष्ण महिन्यांत आहे, तिची द्रावणे त्या उष्णतेला पुरी पडत नसतील तर तो रचनेचा दोष आहे. पुड्यांत किंवा गोळ्यांच्या पाकिटात येणारे डीपीडी हवाबंद असल्याने अधिक टिकते. निवड करता आली तर तेच घ्यावे.

आणि पेटीत तापमापक नाही. शंभर रुपयांची ती वस्तू सोबत असती, तर बाकीच्या प्रत्येक आकड्याला अर्थ आला असता. क्लोरीन किती काळ टिकेल, प्राणवायू किती विरघळेल, कुपी किती वेळात काळी होईल, शेवाळाला दिवस अनुकूल आहेत की नाहीत, हे सगळे पाण्याच्या तापमानावर ठरते. आणि येत्या काळात आपल्या धरणांच्या पाण्यात जे बदल होणार आहेत त्यांची पहिली नोंद तिथेच होणार आहे. मी वहीत हा रकाना सहाव्या आठवड्यापासून लिहू लागलो, त्याआधीचे पाच आठवडे मला आता भरून काढता येत नाहीत.

विकत घ्यावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे आहे. पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येत असेल आणि घरी साठवावे लागत असेल, तर संपूर्ण संच घेण्यापेक्षा डीपीडीची पाकिटे, जिवाणू तपासणीच्या कुप्या, पीएचचे द्रावण आणि एक तापमापक एवढेच सुटे घ्यावे. निम्म्याहून कमी पैशांत काम होते. बोअर आणि नळ दोन्हींचे पाणी वापरत असाल तर पूर्ण संच योग्य आहे. पाणी शुद्ध आहे याचे प्रमाणपत्र म्हणून तो कोणीही वापरू नये. सर्व रंग निर्दोष आले तरी शेवाळाचे विष, मँगनीज आणि ट्रायहॅलोमिथेन यांबद्दल तो एक अक्षरही सांगत नाही. पाचपैकी मी त्याला तीन गुण देतो. डीपीडी आणि जिवाणूंची कुपी या दोघांना वेगळे काढले तर साडेचार.

जुन्या संचातली अर्धी शिल्लक द्रावणे मी वहिनीच्या समितीला दिली आणि स्वतःसाठी वर सांगितलेल्या चार वस्तू आणल्या. वहीची पहिली तेरा महिन्यांची पाने तिनेही उतरवून घेतली आहेत, कारण तिच्या गावच्या टाकीतही तेच पाणी येते. नव्या वहीत तारखेच्या लगेच पुढचा पहिला रकाना तापमानाचा आखला आहे. कालच्या रविवारी तिथे २८ लिहिले.